बाळ घरी आले, म्हणजे उपचार संपले का?

नवजात बालकाचा जंतुसंसर्ग बरा झाला, असे नेमके केव्हा म्हणावे? डॉक्टर सांगतात, रक्ताचा अहवाल चांगला आला, इंजेक्शने पूर्ण झाली, बाळ दूध पिऊ लागले. आता घरी न्यावे. घरात आनंदीआनंद होतो, पेढे वाटले जातात, लांबलेले बारसे उरकले जाते. हा आनंद रास्तच आहे. परंतु ज्या घराने हे दिवस काढले आहेत, त्या घरातील आईच्या मनात आणखी काही प्रश्न शिल्लक असतात. बाळाला ऐकू येत असेल ना? मान वेळेवर धरेल ना? मेंदूला काही इजा तर झाली नसेल? हे प्रश्न ती बहुधा कोणाला विचारत नाही, कारण ‘बाळ वाचले, आणखी काय हवे?’ हे उत्तर तिला ठाऊक असते. त्या न विचारलेल्या प्रश्नांविषयी हा लेख आहे.

आजार कोणता?

जन्मापासून पहिल्या २८ दिवसांतील बालकास नवजात म्हणतात. या काळात जंतू रक्तात शिरून सर्व शरीरात पसरले, की त्यास वैद्यकात सेप्सिस म्हणतात. हाच संसर्ग फुप्फुसात गेला तर न्यूमोनिया, मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचला तर मेनिंजायटिस. जन्मानंतर पहिल्या ७२ तासांत होणारा संसर्ग बहुधा मातेकडून किंवा प्रसूतीच्या वेळी येतो. त्यानंतरचा संसर्ग हात, कपडे, नाळ, बाटली, रुग्णालयातील उपकरणे अशा मार्गांनी येतो. अपुऱ्या दिवसांची आणि कमी वजनाची बालके यास लवकर बळी पडतात. तथापि पूर्ण दिवसांचे, गुटगुटीत बाळही यातून सुटेलच असे नाही.

मोठ्या माणसास संसर्ग झाला की ताप येतो, तो बोलून दाखवतो. नवजात बालकाचे तसे नसते. पुष्कळदा त्याचे अंग तापण्याऐवजी गार पडते. ते रडण्याऐवजी शांत होते, आणि घरातील मंडळी समाधानाने म्हणतात, ‘आज बाळ किती छान झोपले आहे!’ या आजाराची फसवणूक येथेच आहे.

गडचिरोलीचा धडा

नवजात बालकांच्या सेप्सिसविषयी जगाने जे काही शिकले, त्यातील एक मोठा अध्याय आपल्या विदर्भात लिहिला गेला. वर्ध्यात, सर्वोदयी कार्यकर्ते ठाकुरदास बंग यांच्या घरी वाढलेले डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहधर्मचारिणी डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात ‘सर्च’ या संस्थेचे काम आरंभिले. तेथील खेड्यांत बाळे घरीच जन्मत आणि आजारी पडली तर बहुतेक घरीच राहत. रुग्णालयात नेण्यास कुटुंबे सहसा तयार होत नसत. तेव्हा रुग्णालयच घरापर्यंत नेता येईल का, असा प्रश्न या दांपत्याने स्वतःला विचारला.

३९ गावांत त्यांनी पाचवी ते दहावीपर्यंत शिकलेल्या स्थानिक स्त्रियांना प्रशिक्षण दिले. या स्त्रिया घरोघरी जाऊन बाळाचे वजन घेत, ऊब राखण्यास शिकवत, स्तनपानाकडे लक्ष देत. आणि सेप्सिसची लक्षणे दिसताच आईवडिलांच्या संमतीने जेंटामायसिनचे इंजेक्शन व तोंडाने को-ट्रायमॉक्सॅझोल देत. तुलनेसाठी ४७ गावांतील नोंदी ठेवल्या होत्या. प्रयोगाच्या गावांत आरंभी दर हजार जिवंत जन्मांमागे ६२ नवजात बालके दगावत. १९९७-९८ पर्यंत हे प्रमाण २५.५ वर आले. तुलनेच्या गावांत ते ६० च्या आसपासच राहिले. सेप्सिस झालेल्या शंभर बालकांपैकी पूर्वी सुमारे १७ दगावत; या उपचारानंतर ते प्रमाण तीनच्याही खाली आले. डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. २०११ पासून आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर राबवली जाणारी घरभेटींची योजना याच कामातून उभी राहिली आहे.

आपल्या दृष्टीने या कामातील सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे लक्षणांची निवड. गडचिरोलीच्या यादीत कोणतीही महागडी तपासणी नव्हती. पूर्वी जोरात रडणारे बाळ क्षीण रडू लागले किंवा रडेनासे झाले. पूर्वी नीट चोखणारे बाळ चोखेनासे झाले. बाळ गुंगीत राहू लागले. अंग फार तापले किंवा गार पडले. त्वचेवर वा बेंबीत पू दिसला. पोट फुगले, उलट्या वा जुलाब होऊ लागले. श्वास घेताना कण्हण्याचा आवाज आला किंवा छाती आत ओढली जाऊ लागली. यांपैकी दोन लक्षणे एकत्र दिसली की सेप्सिस समजून उपचार सुरू होत. यादीत ‘पूर्वी’ हा शब्द आहे, तो ध्यानात घ्यावा. काल बाळ कसे होते आणि आज कसे आहे, हा फरक डॉक्टरांना ठाऊक नसतो. तो केवळ आईला ठाऊक असतो. म्हणून ‘हिला उगाच काळजी करायची सवय आहे’ असे म्हणून आईचे बोलणे झटकून टाकणे, ही घरातील सर्वांत महाग पडणारी चूक होय. गडचिरोलीत दोन लक्षणांची अट होती ती घरीच उपचार करावयाचे म्हणून. ज्यांच्या दारी वाहन आहे, त्यांनी एकाच लक्षणावर निघावे.

देवळीकरांना तर दूर जावे लागत नाही. गावात ग्रामीण रुग्णालय आहे. वर्ध्याच्या रस्त्यावर सावंगी (मेघे) येथे आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय, सुमारे १८ किलोमीटरवर वर्ध्याचे जिल्हा सामान्य रुग्णालय, आणि त्यापुढे सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय. एका जिल्ह्यात दोन वैद्यकीय महाविद्यालये असण्याचे भाग्य फार थोड्या तालुक्यांच्या वाट्याला येते. अंतर कमी असूनही उशीर होतो, तो निर्णयात. ‘दुकान बंद करून येतो, मग जाऊ’, ‘रात्र काढू, सकाळी पाहू’ यात जे सात-आठ तास जातात, ते नवजात बालकाकडे नसतात.

‘वाचले’ या शब्दाच्या पलीकडे

उपचार यशस्वी झाला की नाही, हे वैद्यकशास्त्र आजवर मुख्यतः दोन गोष्टींवरून ठरवत आले: बाळ जगले का, आणि रक्तातील जंतू गेले का. अलीकडे आयर्लंडमधील संशोधकांच्या पुढाकाराने अनेक देशांतील डॉक्टर, परिचारिका आणि सेप्सिसमधून गेलेल्या बालकांचे पालक यांना एकत्र विचारण्यात आले, की या आजारावरील कोणत्याही उपचाराची पारख करताना कोणत्या गोष्टी मोजल्याच पाहिजेत. सर्वानुमते तयार झालेल्या यादीत मृत्यू तर आहेच. त्याखेरीज श्वसनयंत्राची गरज पडली का, मेंदूला इजा झाली का, पुढे बाळाची वाढ व विकास कसा झाला, हेही आहे. आणि पालकांचे स्वतःचे जीवनमान, हाही एक निकष आहे. आईवडिलांना चर्चेत बसवल्यावर हिशेबाच्या वहीत नवी पाने जोडली जातात, हे यावरून दिसते.

आपण व्यापारी माणसे वर्षाखेरीस केवळ गल्ल्यातील रोकड मोजून खाते मिटवत नाही. येणे, देणे, शिल्लक माल सारे पाहतो. बाळाच्या आजाराचे खातेही घरी परतण्याच्या दिवशी मिटत नाही. ते किमान दोन वर्षे उघडे ठेवावे लागते.

रुग्णालयातील दिवस

बाळ पेटीत ठेवलेले असताना कुटुंब गोंधळलेले असते, आणि डॉक्टरांना वेळ थोडा असतो. म्हणून घरातील एकाच जबाबदार व्यक्तीने रोज ठरावीक वेळी डॉक्टरांशी बोलावे व ऐकलेले वहीत टिपून ठेवावे. पाच काका आणि तीन मामांनी पाच वेळा तेच विचारले, तर माहिती वाढत नाही, गोंधळ वाढतो.

विचारण्याजोग्या गोष्टी अशा. रक्ताचे कल्चर पाठवले आहे का? त्याचा प्राथमिक अहवाल साधारण दोन-तीन दिवसांत येतो. कोणता जंतू आहे आणि त्यावर कोणते औषध चालते, हे त्यातून समजते. आज हे ज्ञान फार महत्त्वाचे झाले आहे. दिल्लीतील तीन मोठ्या रुग्णालयांतील नवजात बालकांचा जो अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात आढळलेल्या जंतूंपैकी पुष्कळसे अनेक प्रतिजैविकांना दाद न देणारे होते. प्रतिजैविकांचा सैल वापर कोठे नेतो, याचे हे उदाहरण आहे. सर्दी-पडशासाठी ओळखीच्या औषधविक्रेत्याकडून प्रतिजैविक आणण्याची सवय आपण सोडली पाहिजे, ती याचसाठी.

दुसरी गोष्ट पाठीच्या पाण्याच्या तपासणीची. हे नाव काढताच घरातील वडीलधारी मंडळी नकार देतात. ‘बाळ अधू होईल’ अशी भीती असते. वस्तुतः मेनिंजायटिस आहे की नाही, हे निश्चित करण्याचा तोच मार्ग आहे. रक्तातील सिद्ध झालेल्या संसर्गास साधारणतः १० ते १४ दिवस औषध पुरते. मेनिंजायटिस असेल तर ते तीन आठवडे वा त्याहून अधिक द्यावे लागते. तपासणी नाकारल्यास औषध कमी पडण्याचा धोका राहतो, आणि त्याची किंमत मेंदू व कान यांना मोजावी लागते. बाळाला अधूपणापासून वाचवणाऱ्या तपासणीलाच आपण अधूपणाच्या भीतीने नकार देतो.

तिसरी गोष्ट आईच्या जागेची. कमी वजनाच्या बालकांना जन्मल्याबरोबर आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवल्यास काय होते, याचा अभ्यास जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांत केला. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, बाळाची प्रकृती स्थिरावण्याची वाट पाहून नंतर अशी ऊब देण्याच्या तुलनेत, मृत्यूंचे प्रमाण एकचतुर्थांशाने कमी आढळले. सेप्सिसचा संशय आलेल्या बालकांची संख्याही घटली. म्हणून ‘आईला बाळाजवळ केव्हा बसता येईल?’ हे अवश्य विचारावे. तिचे दूध हे औषधच आहे. बाळ चोखू शकत नसेल, तर दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, दूध काढून वाटीने वा नळीने द्यावे लागते. अशा आईला रात्री भूक लागते. सूर्यास्तापूर्वीच्या डब्याचा व उपवासाचा नियम तिच्यापुरता शिथिल करणे असेल, तर तो निर्णय घरातील वडीलधाऱ्यांनी आपण होऊन सांगावा. तिला मागण्याची वेळ आणू नये.

कधी कधी सारे प्रयत्न करूनही बाळ हाती लागत नाही. अशा घरांशी बोलल्यावर कळते, की त्यांच्या मनात वर्षानुवर्षे राहते ते हे: आम्हाला खरे वेळेवर सांगितले का? आईला त्याला एकदा मांडीवर घेता आले का? म्हणून प्रकृती अत्यवस्थ असेल तेव्हा आईपासून ते लपवू नये. तिच्या दुःखाला पुढे तोच आधार असतो.

माहेर आणि सासर यांच्या मधोमध

आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी. मुलगी यवतमाळ, अमरावती वा नागपूरहून देवळीला येते, बाळाचे उपचार वर्धा-सावंगीला होतात, आणि तिसऱ्या महिन्यात ती बाळासह सासरी जाते. फाइल माहेरच्या कपाटात राहते. पुढची तपासणी कोणी करावयाची, हे माहेरच्यांना वाटते सासरचे पाहतील, सासरच्यांना वाटते तिकडे झालीच असेल. जुनी बिले वर्षानुवर्षे जपणाऱ्या आपल्या घरांत बाळाचे डिस्चार्ज कार्ड मात्र सापडत नाही.

यासाठी घरी परततानाच कार्डाच्या प्रती दोन्ही घरी ठेवाव्यात व पुढील तपासण्यांचा भार बाळाच्या वडिलांच्या नावे टाकावा. तपासण्या अशा:

• कान: संसर्ग, तीव्र कावीळ आणि जेंटामायसिनसारखी काही औषधे यांमुळे श्रवणशक्तीस बाधा येऊ शकते. घरी जाण्यापूर्वी, नाहीतर तीन महिन्यांच्या आत, ‘बेरा’ ही वेदनारहित तपासणी करून घ्यावी. दोष असल्यास सहाव्या महिन्याच्या आत उपाय सुरू झाले, तर बोलणे बहुतांशी वाचवता येते.

• डोळे: ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या किंवा दोन किलोहून कमी वजनाच्या बालकाची दृष्टिपटल-तपासणी तीस दिवसांच्या आत झालीच पाहिजे. ही मुदत टळली तर दृष्टी परत येत नाही.

• वाढ व विकास: साधारण दोन महिन्यांत बाळ ओळखीचे हसते, चार महिन्यांत मान धरते, आठ महिन्यांत आधाराशिवाय बसते, दीड वर्षात चालते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे वय मोजताना राहिलेले आठवडे वजा करावेत. यात मागे पडत असेल तर ‘याचे बाबाही उशिरा चालले’ म्हणून थांबू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत अशा बालकांसाठी शीघ्र निदान व उपचार केंद्रे आहेत. तेथील व्यायाम व मार्गदर्शन जितके लवकर मिळेल, तितके फलदायी ठरते.

खर्चाची बाजू

सरकारी रुग्णालयांत जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली आजारी नवजात बालकाचे उपचार, औषधे, तपासण्या व ने-आण विनामूल्य आहे. संलग्न खाजगी रुग्णालयांत महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी तेथील आरोग्यमित्राकडे करावी. आपला कौटुंबिक आरोग्यविमा असेल, तर बाळंतपणाआधीच अटी वाचाव्यात. अनेक विम्यांत बाळाला पहिले ९० दिवस संरक्षण नसते, आणि नेमका हाच काळ जोखमीचा. गर्भारपणातच विमा-सल्लागाराला हा एक प्रश्न विचारला, तर पुढील मोठे संकट टळू शकते.

घरातील रीती

सोयरसुतकाच्या काळात बाळंतीण वेगळ्या खोलीत राहते. माणसांची गर्दी कमी होते, हे त्यात चांगलेच. मात्र त्या कारणाने बाळाला डॉक्टरांकडे नेण्यास किंवा आशा ताईंना आत घेण्यास विलंब होता कामा नये. तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशी त्या येतात, वजन करतात, बाळ उघडून पाहतात. ‘आमचे डॉक्टर आहेत’ म्हणून त्यांना दारातून परत पाठवू नये.

जैन घरात मध वर्ज्य असल्याने तो चाटवण्याचा प्रश्न येत नाही. पण गुटी, साखरपाणी आणि ‘उकळलेलेच आहे’ म्हणून दिलेले चमचाभर पाणी येते. सहा महिने आईच्या दुधाखेरीज काहीही नको. बेंबीवर हळद, तेल, शेंदूर, राख काही लावू नये. ती कोरडी ठेवावी. आणि हात धुणे. पाणी गाळून घेण्यात, जमीन पाहून पाऊल टाकण्यात जी जयणा आपण पिढ्यान्‌पिढ्या पाळतो, तीच जयणा बाळाला उचलण्यापूर्वी साबणाने हात धुण्यात आहे.

बाळंतिणीच्या मनाचाही विचार व्हावा. ‘हिच्या पायगुणाने’, ‘हिनेच काही खाल्ले असेल’ अशी वाक्ये उच्चारली जातात आणि विसरली जातात. ज्या स्त्रीला ती ऐकावी लागतात, ती विसरत नाही. घरी आल्यावरही तिला झोप येत नसेल, सतत रडू येत असेल, बाळाचा श्वास पाहण्यासाठी ती वारंवार उठत असेल, तर तो तिचा स्वभाव समजू नये. डॉक्टरांना सांगावे, त्यावर उपचार आहेत.

समाजाने करावयाचे काम

चार दानांत औषधदानाला आपल्याकडे मोठा मान आहे. आजारात धावून जाणारी माणसे आणि मंडळे आपल्या समाजात कमी नाहीत. परंतु मदतीची गरज बाळ घरी आल्यावरही असते: कानांच्या तपासणीसाठी वर्ध्याला जाण्याचे वाहन, विकासाच्या व्यायामासाठी महिन्यातून दोन फेऱ्या, सोबत जाणारी एखादी अनुभवी भगिनी. महिला मंडळाने गावातील अशा बालकांची एक साधी नोंद ठेवली, आणि तपासणीच्या तारखेच्या आदल्या दिवशी एक फोन केला, तरी पुष्कळ होईल. त्यास मोठा निधी लागत नाही.

यापुढे कोणाच्या घरी असे बाळ रुग्णालयातून परतले, तर पाहण्यास जाताना झबले-टोपडे अवश्य न्यावे. त्यासोबत बाळाच्या आईला एकदा विचारावे, ‘पुढची तपासणी कोणत्या तारखेला आहे?’